जाताना न उघडणारी गाडी

३ तारीख, सोमवार

आज एकदाचं पाणी शुद्ध करायचं यंत्र बसलं. बसवायला आलेल्या माणसाने ओट्यावरच्या सगळ्या प्लगांची अदलाबदल केली. मिक्सर इकडे, अण्णांच्या बेलचा डबा तिकडे कोपऱ्यात, नळ्या त्याच्यावरून. पण काम चोख. जाताना ओटा पुसून दिला. स्वतःहून! मी मनातल्या मनात त्याला हात जोडले.

या वहीत अण्णांबद्दल फारसं लिहिलं गेलं नाही, म्हणून लिहिते. अण्णा म्हणजे माझे सासरे. दुसऱ्या झटक्यानंतर वाचा गेली, उजवी बाजू गेली, नजरही एका जागी लागून राहते. चालतो तो फक्त डाव्या हाताचा अंगठा. म्हणून यांनी ती बिनतारी बेल आणली. बटण अण्णांच्या अंगठ्याखाली येईल असं मनगटाला पट्ट्याने बांधलेलं, आणि वाजणारा डबा स्वयंपाकघरात. त्यांना काही हवं असलं की टिंगटाँग.

काही नको असलं तरी टिंगटाँग! विशेषतः मी कामाला निघताना. इकडे मी चपलेत पाय घातला की तिकडे बेल. घरकामाला आणि अण्णांजवळ दिवसभर असणाऱ्या मावशी हातातलं टाकून धावणार, तर अण्णांना ना पाणी हवं ना कूस बदलायची. मग मी पोर्चमधूनच ओरडायची, "येते हो अण्णा!" की गप्प. रोजचा तमाशा.

पाणी मात्र गोड लागतंय. संध्याकाळपासून बेलही नाही. घर कसं शांत वाटलं.

४ तारीख, मंगळवार

काय बाई दिवस! सकाळी दवाखान्याला निघाले, पोर्चमध्ये येऊन किल्लीचं बटण दाबलं, गाडी ढिम्म. पुन्हा दाबलं. किल्लीवरचा बारीक दिवा लागतोय, गाडी मख्ख. किल्लीच्या पोटात एक लोखंडी पातं असतं, ते ओढून काढलं आणि कुलपात घालून दार उघडलं, तर गाडीने असा भोंगा धरला की समोरच्या घरातले लोक ब्रश तोंडात घेऊन बाहेर. बसले आत. चालू करायचं बटण दाबलं तर समोर अक्षरं आली, किल्ली सापडत नाही. अगं, हातात धरली आहे की तुझ्यासमोर!

शेवटी बसने गेले. आमच्या दातवाल्या डॉक्टरांचा दवाखाना मीच उघडते. आज दारात तीन पेशंट गाल धरून उभे. डॉक्टर एका शब्दाने बोलले नाहीत. उलट म्हणाले, "गाडीचं बघून घ्या आधी." असा मालक मिळायला नशीब लागतं.

आणि गंमत म्हणजे संध्याकाळी घरी येऊन सहज बटण दाबलं, तर टुक! उघडली. बंद केली, उघडली, बंद केली. सगळं ठीक. म्हणजे सकाळी माझ्याशी वैर आणि संध्याकाळी गळ्यात गळा.

आजही दिवसभर बेल नाही. मावशी म्हणाल्या, "आज किती शहाण्यासारखे राहिले अण्णा." अण्णांच्या डाव्या डोळ्यातून पाणी येतंय. मावशींनी औषधाचे थेंब घातले.

५ तारीख, बुधवार

घड्याळवाल्याकडून किल्लीत नवा सेल घातला, नाण्याएवढा असतो. त्याने जुना तपासून दाखवला, तोही चांगला होता. तरी नवा घातला. सकाळी बटण दाबलं, नाही! आत जाऊन यांची जादा किल्ली आणली. ती पण नाही. दोन्ही किल्ल्या एकदम कशा रुसतील?

मिस्त्रीला फोन केला. आमच्या गल्लीत त्याला सगळे 'दोन मिनिटं' म्हणतात, कारण तो काहीही झालं तरी "दोन मिनिटं, वहिनी" म्हणतो आणि तासाने उगवतो. आज खरंच दोन मिनिटांत आला, स्कूटरवर, नाश्त्याचा घास तोंडात. किती कौतुक करू! त्याने दाबलं, नाही. पुन्हा दाबलं, नाही. मी म्हटलं चला, निदान याला चहा तरी टाकू, पिशवी ठेवून आत गेले, आणि बाहेरून टुक!

"उघडली वहिनी!"

मी धावत बाहेर. पिशवी खांद्याला लावली, बटण दाबून बंद केली, पुन्हा उघडायला गेले तर नाही.

"वहिनी, राग मानू नका," तो म्हणाला, "पण तुम्ही आत गेलात की चालते."

मी म्हटलं, आता गाडीलाही मी घरातच बसलेली हवी का? खूप हसला. पण जाताना एक युक्ती शिकवून गेला. लोखंडी पात्याने दार उघडायचं, भोंगा वाजला तर वाजू दे, आणि किल्ली थेट चालू करायच्या बटणालाच टेकवून धरायची. इतक्या जवळून ती ऐकते. चालू झाली! गल्लीचे कान किटले खरे, पण मी वेळेवर पोचले. मिस्त्रीचं भलं होवो.

६ तारीख, गुरुवार

आज लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

अण्णांना तपासायला डॉक्टर आले होते. दातांचे नव्हेत, डोक्याचे. त्यांनी विचारलं, "बेल वाजवतात का अजून?" मी म्हटलं, नाही, सोमवारपासून एकदाही नाही. त्यांनी डोळ्यांसमोर बोट फिरवलं, हाका मारल्या, मग चष्मा काढून पुसला. म्हणाले, बेल हा एकच प्रतिसाद होता, तोही गेला असेल तर आता समज कितपत उरली आहे सांगता येत नाही.

मी बेलचं बटण खराब आहे का तेही पाहिलं. त्यांच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून दाबलं. स्वयंपाकघरात मिक्सर घरघरत होता, पण बटणावरचा लाल दिवा लागला. म्हणजे बेल ठीक आहे, अण्णाच दाबत नाहीत.

संध्याकाळी वन्संना फोनवर सगळं सांगितलं. त्या एकदम रडल्या नाहीत, पण आवाज बदलला. त्यांनी एक संस्था बघून ठेवली आहे, तिथे रात्रंदिवस नर्स असते. एक खाट रिकामी झाली आहे, रविवारी संस्थेची गाडी येऊ शकते. "अगं, तुझी कंबर गेली तर तुला कोण उचलणार?" म्हणाल्या. "त्यांना आता आपण कोण, कुठलं घर, काही कळत नाही. कळत असतं तर मी त्यांना हलवू दिलं असतं का? दोन दिवसांत सांग."

वन्संना माझी काळजी वाटते, हे किती मोठं आहे. नणंद म्हणून कधी एक टोमणा मारला नाही या बाईने.

आणि खरं लिहू का? क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. अंथरूण, पंखा, चमच्याने पेज, पाठीला पावडर, यातून सुटका. नंतर जेवताना आठवत राहिलं. या माणसाने मला गाडी शिकवली. अण्णांचा गाडी शिकवायचा क्लास होता, आणि लग्नानंतर मला घाबरताना बघून म्हणाले, "सूनबाई, ब्रेक तुझ्याच पायाखाली आहे, मग भीती कसली?" पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन निघाले तेव्हा मी म्हटलं, येते अण्णा. ते म्हणाले, "ये. आरशात बघ." आणि गाडीच्या टपावर हाताने दोन थापा मारल्या. त्यांच्या सगळ्या शिकाऊ लोकांना ते असंच सोडायचे. दोन थापा म्हणजे, जा, मी आहे. झटका येईपर्यंत एक दिवस चुकवलं नाही. मी निघाले की ते हातातला पेपर टाकून बाहेर.

आता त्यांना मी कोण तेच माहीत नसेल तर मी कोणासाठी त्यांना अडवून ठेवतेय?

७ तारीख, शुक्रवार

त्या पात्याच्या युक्तीने गाडी काढून 'दोन मिनिटं'च्या गॅरेजला गेले. तिथे सतरा वेळा दाबलं, सतरा वेळा उघडली. लांबून उघडली, टपरीच्या आडून उघडली. मला तर रडूच यायला लागलं.

तो म्हणाला, "वहिनी, किल्ली ठणठणीत आहे. दिवा लागतो म्हणजे ती बोलतेय. पण गाडीला ऐकू जात नाही. तुमच्या घरात दुसरं काहीतरी त्याच सुरात जोरात बोलत असणार, म्हणून हिचा आवाज दबतो." वायफाय असेल, कॅमेरा असेल, कसलाही रिमोट असेल. एकेक बंद करून बघा म्हणाला. मजुरी विचारली तर हात झटकले. म्हणे, काही दुरुस्त केलंच नाही तर मजुरी कसली?

संध्याकाळी हे आले. आठवडाभर बाहेरगावी नोकरी, शुक्रवारी घरी. यांना पाहिलं की माझा अर्धा शीण जातो, हे यांना मी कधी सांगणार नाही. वन्संचं सगळं सांगितलं. हे ऐकता ऐकताच उठले. मग अण्णांच्या खाटेशी जाऊन त्यांची नखं कापत बसले. नंतर म्हणाले, "ताई म्हणते ते बरोबर असेल गं. त्यांना कळतच नसेल तर हट्ट कशाला?" वन्संना होकार कळवला. रविवारी दुपारी गाडी येणार.

८ तारीख, शनिवार

आजचं आजच लिहिलं पाहिजे.

सकाळी हे भाजी आणायला निघाले. नेहमीसारखे आधी अण्णांच्या खोलीत, त्यांच्या कानाशी वाकून "येतो अण्णा", मग बाहेर. बटण दाबलं, टुक. पहिल्या फटक्यात! मला वाकुल्या दाखवत गेले. परत आल्यावर म्हणाले, "तुझ्या हाताला काही लागलंय का?"

मग माझी दवाखान्यात जायची वेळ. शनिवारी अर्धाच दिवस असतो. पिशवी घेतली, चपला घातल्या, बटण दाबलं. नाही. म्हटलं आज याचा निकालच लावते. वायफाय बंद. नाही. टीव्हीचा प्लग काढला. नाही. शेवटी वीज यायचा मोठा खटकाच खाली ओढला. सगळं घर बंद, मावशी आतून ओरडल्या, "ताई, चटणी अर्धी वाटलीय!" तरी गाडी नाहीच.

माझा संयम संपला. मी आतल्या मावशींना ओरडून म्हटलं, "राहू दे मेलं, मी बसनेच येते जाऊन!" आणि फाटकाकडे वळता वळता रागाने एकदा बटण दाबलं.

टुक.

मी जागच्या जागी. पोर्चला लागूनच अण्णांच्या खोलीची खिडकी आहे, त्यांची खाट खिडकीशी. मावशी सकाळी खाटेचं डोकं वर करून ठेवतात, त्यांना बाहेरचं दिसावं म्हणून. वीज नसल्यामुळे खोलीत अंधार होता. मी गाडी परत बंद केली, पिशवी सावरली, गाडीकडे निघाले, आणि अंधारात एक लाल ठिपका लागला. अण्णांच्या मनगटाशी. लागला तो लागूनच राहिला. मी किल्ली दाबली. नाही. पुन्हा दाबली. नाही. ठिपका तसाच.

मी खिडकीजवळ गेले. अंगठा बटणावर इतका घट्ट दाबलेला की नख पांढरं पडलं होतं. डोळे माझ्याकडे. नजर लागून राहते म्हणतात ना सगळे, ती माझ्यावरच लागलेली होती.

मी खिडकीशी वाकून म्हटलं, "येते अण्णा."

अंगठा सुटला. ठिपका विझला. मागे हात करून बटण दाबलं, टुक.

मी धावत स्वयंपाकघरात. खटका वर केला. बेलचा डबा नळ्यांमागे कोपऱ्यात, आणि त्याच्या प्लगचा स्विच बंद! यंत्र बसवताना बंद झाला तो तसाच. वर यंत्राच्या नळ्या, कोणाला दिसणार? मी मेली बटणाचा लाल दिवा बघून खूश झाले, डबा वाजतो का हे कोणी पाहायचं? सोमवारपासून हा माणूस मला बोलावतोय. पूर्वी बेल वाजवायचे, मी वैतागून का होईना "येते" म्हणायचे, आणि त्यांचं समाधान व्हायचं. आता बेल वाजेना, उत्तर येईना, म्हणून दाबूनच धरायचे. गाडी सुटून जाईपर्यंत. मला वाटायचं त्यांना काहीतरी हवंय. अहो, त्यांना काही नको होतं. मी घरातून निघताना सांगून जावं, एवढंच हवं होतं.

स्विच चालू केला आणि त्यांच्यापाशी जाऊन सांगितलं, "अण्णा, बेल बंद पडली होती हो. आम्हाला ऐकूच येत नव्हतं." डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मावशी थेंबांची बाटली घेऊन आल्या, मी त्यांना थांबवलं.

दवाखान्यात गेलेच नाही आज. डॉक्टरांना फोन केला, तर म्हणाले, "मी उघडतो की, मला काय कुलूप उघडता येत नाही?" देवमाणूस.

९ तारीख, रविवार

काल रात्री वन्संना सांगितलं. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "अगं, अंगठा आपोआप आवळला जातो. डॉक्टर म्हणाले नव्हते का, हाताला असे झटके येतात म्हणून? तुझं मन मानत नाही, मला समजतं." मी फोन ठेवला. हाताचा झटकाच असेल तर? मीच वेड्यासारखी ठिपक्याला अर्थ लावत असेन तर?

सकाळीच आल्या. अण्णांचे कपडे घडी करून पिशवीत भरले, पांढरा सदरा सगळ्यात वर. मग खाटेशी बसल्या.

"अण्णा, मी कोण? ओळखलंत तर बेल वाजवा."

काही नाही.

"अण्णा, मी आलेय. एकदा वाजवा बघू."

काही नाही. मी दारात उभी राहून मनात म्हणत होते, दाबा ना अण्णा, एकदाच दाबा. हे माझ्या मागे उभे. वन्संनी अण्णांच्या कपाळावरचे केस मागे सारले, माझ्याकडे बघून मान हलवली. मला त्यांचा राग आला नाही. त्यांचेच डोळे भरले होते.

चार वाजता फोन आला, संस्थेची गाडी चौकात चुकली आहे, कोणीतरी या. वन्सं उठल्या. "मी आणते त्यांना." पर्स घेतली, पदर खोचला, आणि उंबऱ्याशी गेल्यावर, या घरातल्या मुलीच्या सवयीने, मागे न बघताच म्हणाल्या, "येते हं अण्णा."

टिंगटाँग. टिंगटाँग.

दोनदा. अगदी टपावर थापा पडाव्यात तसं.

वन्संची एक चप्पल पायात, एक हातात. त्या हळूच मागे वळल्या. मग त्या तशाच, एका चपलेनिशी, आत गेल्या आणि अण्णांच्या हातावर डोकं टेकून ढसाढसा रडल्या. "मला पण सोडायचे हो असेच कॉलेजला," म्हणत होत्या, "दोन थापा मारून." तेव्हा कुठे मला कळलं की बेलही ते दोनदाच वाजवायचे. रोज ऐकत होते, मोजलं कोणी?

ते परीक्षा देणार नव्हते. कोणी निघालं की निरोप देणार होते.

चौकात शेवटी हे गेले. गाडीवाल्याला चहा दिला, हात जोडून परत पाठवलं. वन्संनी कपड्यांची पिशवी रिकामी केली. जाताना मला म्हणाल्या, दर शनिवारी मी येईन, दिवसभर अण्णांचं सगळं मी बघेन, तू झोप. मी पाया पडायला वाकले तर पाठीत धपाटा मिळाला.

१८ तारीख, मंगळवार

मध्ये लिहायला फुरसत झाली नाही. घर परत गोंगाटाचं झालंय, आणि मी कोणाकोणाचे आभार मानू असं झालंय. मिस्त्रीला सगळं सांगितलं तर तो हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "दोन मिनिटं, वहिनी," आणि संध्याकाळी स्वतः अण्णांना बघायला आला. डोक्याचे डॉक्टरही येऊन गेले. त्यांनी उठताना मुद्दाम "येतो" म्हणून पाहिलं. टिंगटाँग, टिंगटाँग. त्यांनी लिहिलेलं खोडून नव्याने लिहिलं.

किल्लीलाही धन्यवाद. ती वेळेवर उघडत राहिली असती तर अण्णा आज कुठल्यातरी परक्या खिडकीशी असते.

आज सकाळी मात्र धांदल उडाली. दवाखान्यात लवकर बोलावलं होतं, डबा विसरले, तो घ्यायला परत, मग चष्मा. पळत पोर्चमध्ये आले, बटण दाबलं, गाडी ढिम्म. पुन्हा दाबलं. आतून मावशींचा आवाज, "ताई, बेल थांबतच नाहीये हो!"

मी कपाळावर हात मारला, चपला काढल्या, आणि आत गेले.